लाल चाकू, पांढरा क्रॉस: नावाएवढा आहे का?

हेडफोन घरी राहिला असेल किंवा गावाकडं रेंज येत नसेल, तर हा एपिसोड इथं वाचून काढा. बोलताना जिथं फारच भरकटलो तेवढं आवरलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

विषय माझ्या मामेभावानं दिला. तो पुण्यात नुकताच नोकरीला लागलाय. पहिला पगार झाला त्या रात्री त्यानं मला एका लाल चाकूचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, घेऊ का? सगळे म्हणतेत एक नंबर आहे. खरंच आहे का नुसतं नाव आहे?" चाकू व्हिक्टोरिनॉक्सचा. तोच, ज्याला जग स्विस आर्मी नाईफ म्हणतं. मी त्याला दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि अर्धा तास टाईप करत राहिलो. मग म्हटलं, यावर एपिसोडच करू.

आता बीडचा माणूस चाकूवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आपल्या जिल्ह्याचं नाव हल्ली बातम्यांत कशाकशासाठी येतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो, हा एपिसोड हत्यारावर नाही, अवजारावर आहे. आमच्याकडं पातं हे माणसाचं मोजमाप आहे. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या वहीत "एक कोयता" म्हणून चढतं. एकटा माणूस असेल तर "अर्धा कोयता". उचल त्याच हिशोबानं मिळते. माझे आई-आण्णा बरीच वर्षं असा एक कोयता होते. त्यामुळं पातं चांगलं कशाला म्हणायचं हा आमच्या घरात हौसेचा प्रश्न कधीच नव्हता. ऊस जमिनीलगत छाटावा लागतो, कारण साखर बुडख्याकडं जास्त असते आणि वर खुंट ठेवला की ओरडा बसतो. धार गेलेल्या कोयत्यानं तेच काम दोन घावांचं होतं. दिवसभरात त्याचे किती जादा घाव होतात ते मनगटालाच कळतं.

मी पहिला चाकू घेतला तो नोकरी लागल्यावर, आण्णांसाठी. ऑनलाईन घेतला, अर्ध्या किमतीत, आणि अर्ध्या किमतीत का मिळतोय असा विचार केला नाही. बीटेक झालेल्या माणसानं हे कबूल करायला लाज वाटते, पण तो डुप्लिकेट निघाला. रंग तोच, क्रॉस तोच. पातं उघडलं की डाव्या-उजव्या बाजूला डुलायचं, आणि कात्रीची स्प्रिंग आठवड्यात गेली. आण्णांनी तो पेरू कापायला घेतला, दोनदा उघड-मीट केला आणि माझ्या हातात परत दिला. "खेळणं आहे," एवढंच म्हणाले. पुढच्या पगाराला मी दुकानात जाऊन खरा घेतला, हंट्समन नावाचं मॉडेल, साडेतीन हजारांच्या आसपास. किंमत ऐकून आण्णा म्हणाले, "येवढ्या पैशात आख्ख्या टोळीचे कोयते झाले असते की." नंतर तो चाकू त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि वर्षभर वापरलाच नाही. शेवटी आईनं काढला, खताच्या पिशवीची शिवण उसवायला. तेव्हापासून तो वापरात आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे खरा आणि खोटा असे दोन्ही चाकू माझ्या हातात राहिलेत, आणि तिसरा एक घरात होताच, आमच्या गावच्या लोहारमामांनी केलेला. तिघांची तुलना मी सहा वर्षं करतोय. पण आधी हे नाव आलं कुठून ते बघू, कारण त्यात एक गंमत आहे.

कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिरानं १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या श्विझ भागातल्या इबाख गावात चाकूंचा छोटा कारखाना टाकला. त्या वेळी स्विस सैन्याला शिपायांसाठी घडीचा चाकू हवा होता. त्यात पातं, डबा उघडायचं टोक, पेचकस आणि टोचा असं सगळं असायला हवं होतं. पण देशात तेवढे चाकू बनवणारं कुणी नव्हतं, म्हणून पहिली ऑर्डर जर्मनीत झोलिंगेनला गेली. म्हणजे स्विस सैन्याचे पहिले चाकू जर्मन होते. एल्सेनरला ते सहन झालं नाही. त्यानं देशातल्या चाकू बनवणाऱ्यांना एकत्र केलं आणि १८९१ मध्ये पहिला माल सैन्याला दिला. पण जर्मन कंपनी मशीनवर स्वस्तात बनवत होती. बाकीचे एकेक करून बाजूला झाले, आणि हा पठ्ठ्या कर्जात बुडाला.

त्याला वर काढलं ते दुसऱ्याच चाकूनं. १२ जून १८९७ ला त्यानं "ऑफिसर्स अँड स्पोर्ट्स नाईफ" नोंदवला. आणि हा चाकू सैन्यानं कधी अधिकाऱ्यांना वाटलाच नाही. ज्याला हवा तो स्वतःच्या पैशानं घ्यायचा. म्हणजे आज आपण ज्याला सैन्याचा चाकू म्हणून मान देतो, तो लाल बहुपाती चाकू मुळात दुकानात विकायचा माल आहे. सैन्याचा चाकू वेगळाच दिसतो. १९६१ पासून तो ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा होता, आणि २००८ मध्ये नवा आला तो मोठा, एका हातानं उघडणारा आणि लॉक असलेला. तेव्हा "आर्मीवाले वापरतात" या कारणासाठी कुणी घेणार असेल तर त्यानं इथंच थांबावं. नावाचा तेवढा भाग फुगवलेला आहे.

बाकी नावाची गोष्ट छोटी आहे. आईचं नाव व्हिक्टोरिया. ती १९०९ मध्ये वारली, तेव्हा त्यानं तिचं नाव मालाला दिलं. १९२१ मध्ये स्टेनलेस स्टील आलं. त्याला फ्रेंचमध्ये इनॉक्स म्हणतात. दोन्ही जोडून व्हिक्टोरिनॉक्स.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात याचं स्टील भारी आहे. मी पण म्हणायचो. मग एकदा आकडे बघायला बसलो आणि चाट पडलो.

स्टीलचा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात. हिऱ्याचं टोक ठराविक वजनानं धातूवर दाबायचं आणि ते किती आत गेलं ते बघायचं. कमी गेलं म्हणजे धातू कडक, आकडा मोठा. व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचा आकडा ५६ आहे. अमेरिकेतले महागडे घडीचे चाकू, उदाहरणार्थ ख्रिस रीव्हचा सेबेंझा, ज्याची किंमत चारशे डॉलरच्या वर जाते, त्यांची पाती ५८-६० किंवा त्याहून वर असतात. चारचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण या मापात तो मोठा आहे. कडक पातं धार जास्त दिवस धरतं. म्हणजे धार टिकण्यात आपला लाल चाकू चक्क मधल्या बाकावरचा विद्यार्थी आहे.

मग त्यांना जास्त कडक करता येत नाही का? येतं, पण करत नाहीत. खडू आणि मेणबत्ती डोक्यात आणा. खडू कडक असतो, पण वाकवला की तुटतो. मेण दबतं, पण तुटत नाही. पात्याची धार म्हणजे कागदाहून पातळ कड. ती फार कडक केली तर खिळ्याला लागल्यावर तिचा टवका उडतो, आणि टवका काढायला खूप घासावं लागतं. थोडी मऊ ठेवली तर ती नुसती दुमडते, आणि घरातल्या दगडावर किंवा चहाच्या कपाच्या बुडावर चार वेळा ओढली की सरळ होते. (कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची कडा असते ना, ती खरंच चालते. करून बघा.) ज्याच्याकडं धार लावायचं मशीन नाही अशा साध्या माणसासाठी ५६ हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याच चाकूत कात्री आणि करवत साधारण ५३ ला ठेवलीय, पेचकस ५२ ला आणि मागच्या स्प्रिंगा ४९ ला, कारण स्प्रिंग लवचीकच पाहिजे. एकाच चाकूत चार वेगवेगळे कडकपणा. यात किती विचार आहे ते मला लोहारमामांकडं गेल्यावर कळलं.

मामांचा भाता आता इलेक्ट्रिक पंख्याचा आहे, पण ऐरण आजोबांच्या काळची. ते कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाडी करतात, सगळं ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून. पाटे म्हणजे चाकावरच्या त्या कमानी. या पाट्यांच्या स्टीलमध्ये कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मध्ये कुठंतरी असतो. आणि व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्यात? तोही अर्धा टक्काच्या आसपास. स्टील कडक होतं ते कार्बनमुळं, आणि कार्बनच्या बाबतीत धारूर घाटात बसलेल्या ट्रकचा पाटा आणि स्विस चाकू शेजारी-शेजारीच बसतात. मला हे कळलं तेव्हा मी मामांना उत्साहानं सांगितलं. ते हसले. "लोखंड तेच असतंय रे. पाणी कसं दिलं ते बघायचं असतंय."

पाणी देणं म्हणजे लालभडक पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणं. नुसतं बुडवलं तर पातं काचेसारखं होतं. म्हणून परत हळूहळू तापवायचं, आणि त्यावर चढणारा रंग बघत राहायचा. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबलं तर कडक धार, निळ्यावर थांबलं तर लवचीक. मामा कोयत्याची धार तपकिरीच्या अलीकडं थांबवतात आणि पाठ निळी होऊ देतात, म्हणजे घाव बसला तरी कोयता तुटत नाही. हे ते सावलीत बसून करतात, कारण उन्हात रंग कळत नाही. थर्मामीटर नाही, काही नाही. डोळा.

म्हणजे एकाच पात्यात दोन कडकपणा मामाही देतात. मग फरक कुठं आहे?

पहिला फरक क्रोमियमचा. स्विस पात्यात ते पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून गंज चढत नाही. पाट्याच्या चाकूनं कैरी किंवा लिंबू कापा, पाच मिनिटांत पातं काळं पडतं आणि फोडीला लोखंडाची चव येते. पावसाळ्यात तेल न लावता ठेवला तर आठवड्यात तांबडा होतो. पण क्रोमियमवालं स्टील भट्टीत डोळ्यानं कडक करता येत नाही. त्याला हजार अंशांच्या वरचं तापमान लागतं, आणि तेही नेमकं. तिथं मामांचा डोळा चालत नाही.

दुसरा फरक माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला जास्त भिडतो. मामांचा सगळ्यात चांगला चाकू व्हिक्टोरिनॉक्सपेक्षा चांगला आहे. मी सुतळी कापून बघितलीय, कांदे कापून बघितलेत, शेळीसाठी सुबाभळीचा पाला तोडून बघितलाय. मामांची धार जास्त वेळ टिकते. पण तो सगळ्यात चांगला चाकू. त्याच आठवड्यात त्यांनी चुलत्यांना करून दिलेल्या चाकूची धार दोन दिवसांत गेली. पाटा कोणत्या ट्रकचा होता, आधी किती थकलेला होता, त्या दिवशी आभाळ आलं होतं का, सगळ्याचा फरक पडतो. मामा स्वतः कबूल करतात. व्हिक्टोरिनॉक्सनं २०१७ पर्यंत पन्नास कोटी खिशातले चाकू बनवले. त्यातला कुठलाही उचला, तो मधल्या बाकावरचाच निघतो. पहिला नाही येत, पण नापासही होत नाही. आमच्या क्षेत्रात याला फार किंमत आहे. एका लॅपटॉपवर भन्नाट चालणारा प्रोग्राम कुणीही लिहितो. तोच हजार सर्व्हरवर सारखा चालवणं म्हणजे नोकरी.

आणि हे सारखेपण सगळ्यात जास्त कुठं लागतं तर पात्यात नाही, सांध्यात. माझ्या मते या कंपनीची खरी कमाई तिथं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

घडीच्या चाकूच्या पाठीत एक पट्टीसारखी स्प्रिंग असते. पातं उघडताना त्याचं बूड या स्प्रिंगला वर ढकलतं आणि पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग परत खाली बसते, तो "टक्" आवाज. साध्या चाकूत एका स्प्रिंगवर एक पातं. एल्सेनरनं १८९७ मध्ये काय केलं, तर एकाच स्प्रिंगच्या दोन्ही टोकांवर दोन पाती बसवली, आणि त्याच स्प्रिंगवर पाठीमागून तिसरं अवजार. म्हणजे दोन स्प्रिंगांवर सहा अवजारं. पुढून मोठं पातं, लहान पातं, डब्याचं ओपनर, पेचकस. मागून बूच काढायचा स्क्रू आणि टोचा. आता विचार करा. एकच स्प्रिंग तीन वेगवेगळ्या बाजूंनी दाबली जातेय. एका पात्याचं बूड जरा जास्त घासलं गेलं तर ते ढिलं बसेल. स्प्रिंग जरा कडक राहिली तर नख तुटेल पण पातं उघडणार नाही. माझ्या डुप्लिकेटमध्ये नेमकं हेच होतं. मोठं पातं डुलायचं आणि लहान पातं उघडायला दात लावावा लागायचा. खऱ्या चाकूत सहा वर्षांनंतरही प्रत्येक अवजार तेवढ्याच जोरात उघडतं. स्टीलची नक्कल होते, लाल रंगाची तर होतेच. या टक् ची नक्कल करणाऱ्याला एल्सेनरएवढंच नीट काम करावं लागेल, आणि तेवढं केलं तर त्याला अर्ध्या किमतीत विकता येणार नाही.

सांध्याची पारख दुकानात उभ्या उभ्या करता येते. प्रत्येक अवजार उघडा आणि मिटा. मोठं पातं उघडून चिमटीत धरून बाजूला हलवा. उजेडासमोर धरा, मिटलेल्या पात्यांच्या मध्ये सगळीकडं सारखी फट दिसली पाहिजे. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि स्विस मेड कोरलेलं असतं. ते धूसर किंवा नुसतं छापलेलं दिसलं तर परत ठेवा.

आता तक्रारी. दोन आहेत आणि पहिली गंभीर आहे.

या लाल, ९१ मिलिमीटरच्या चाकूला लॉक नसतं. स्प्रिंग पात्याला फक्त धरून ठेवते, अडवत नाही. कापताना जोर धारेवर येतो, तोपर्यंत ठीक. पण टोकानं खुपसायला गेलात, किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, तर पातं मिटतं, आणि मिटताना मध्ये तुमची बोटं असतात. हा बिघाड नाही, तो चाकू तसाच बनवलेला आहे. पण विकत घेणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं. नारळाचा डोळा फोडायला, ड्रममध्ये भोक पाडायला हा चाकू वापरायचा नाही. भोकाला टोचा आहे, आणि तोही जपून. लॉक पाहिजेच असेल तर त्याच कंपनीची १११ आणि १३० मिलिमीटरची मॉडेलं बघा. किंवा फ्रान्सचा ओपिनेल. लाकडी मूठ, एकच पातं आणि मुठीजवळ एक फिरतं कडं. कडं फिरवलं की पातं अडकलं. हे कडं १९५५ मध्ये आलं आणि त्याहून साधं लॉक मी बघितलेलं नाही.

दुसरी तक्रार मुठीची. त्या लाल पट्ट्या सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकच्या असतात. दगडावर पडला की टवका जातो, आणि खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला तर वर्षात चकाकी जाते. मी चाकू मामांना दाखवला तेव्हा त्यांनी स्टीलचं कौतुक केलं, सांध्याचं तर फारच केलं. चारपाच वेळा टक् टक् करून कानाजवळ नेऊन ऐकलं. मग मुठीवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही गेली तर कोण बसवून देतं?" मी म्हटलं, कंपनीची आयुष्यभराची गॅरंटी आहे. स्टीलमध्ये किंवा बनावटीत दोष निघाला तर. वापरून झिजलं किंवा चुकीच्या कामाला लावलं तर नाही. ते म्हणाले, "मग आयुष्यभर काय जपायचं ते माणसानंच जपायचं."

हा टोमणा होता, पण त्यात हिशोब आहे. टोळी कारखान्याला निघायच्या आधी, दिवाळीच्या आसपास, मामांच्या दुकानासमोर रांग लागते. प्रत्येक जोडपं दोन-तीन कोयते करून किंवा शेवटून नेतं, म्हणजे झिजलेलं टोक आणि धार पुन्हा तापवून, ठोकून नवी करून घेतं. पुढचे पाच-सहा महिने ते कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात असतात. तिथं कोयता तुटला तर तो दिवस गेला. म्हणून लोक वाकडी वाट करून याच मामांकडं येतात आणि दुसऱ्या लोहाराकडं जात नाहीत. मामांच्या कोयत्यावर ना क्रॉस आहे ना नाव. पण नाव कशाला म्हणतात ते त्या रांगेत दिसतं. तिथं उभं राहिलेल्या बाईनं गेल्या हंगामात तो कोयता हातात धरलेला असतो. माझ्या मामेभावानं चाकूचा फक्त फोटो बघितलाय.

वापराबद्दल थोडं. आमच्या घरात चाकूतलं सगळ्यात जास्त काय वापरलं जातं, ओळखा. कात्री. आई औषधाची पाकिटं, बियाण्याच्या पिशव्या, ब्लाउजचे दोरे सगळं त्यानंच कापते. दुसरा नंबर बूच काढायच्या स्क्रूचा. वाईनची बाटली आमच्या घरात आलेली नाही, पण पावसात भिजून आवळलेली दाव्याची गाठ सोडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गाठीत फिरवायचा आणि ओढायचा. ही आण्णांची शोधबुद्धी. मोठं पातं मात्र आण्णा कलमाला वापरत नाहीत. आमची सीताफळाची थोडी झाडं आहेत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे माहीत नसेल तर जरा अभिमान बाळगा. कलम बांधताना काडीला पाचरीसारखा काप एका ओढीत द्यावा लागतो. पातं अडखळलं की साल चेचते, आणि चेचलेला भाग वाळून कलम जातं. त्यासाठी आण्णा दाढीचं ब्लेड वापरतात. काही रुपयांचं ब्लेड साडेतीन हजारांच्या चाकूपेक्षा धारदार असतं, हे त्यांनी मला काहीही न बोलता दाखवून दिलं. धार स्वस्त आहे. महाग आहे ते ती धार मुठीत नीट धरून, मिटून, खिशात सुरक्षित वर्षानुवर्षं वागवणं.

आता खिशाचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं बघून घ्या, कारण ऐकणाऱ्यांत बरेच जण विशीतले आहेत. देशाच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची गोष्ट येते, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. लाल चाकू त्या मापाच्या कुठंच जवळ नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं, म्हणजे १९५१ च्या कायद्याचं, ३७ वं कलम आहे. सण, निवडणुका, आंदोलनं असली की त्याखाली मनाई आदेश निघतात, आणि त्यात सार्वजनिक जागी बाळगायला बंदी असलेल्या वस्तूंत चाकू असतात. आपल्या जिल्ह्यात हे आदेश काही क्वचित निघत नाहीत. तेव्हा मिरवणुकीला, सभेला, कोर्टाच्या आवारात चाकू घेऊन जाऊ नका, आणि रील बनवायला तर कधीच बाहेर काढू नका. विमानात केबिन बॅगेत ठेवला तर तपासणीत काढून घेतील. तो खालच्या सामानात टाका. या विमानाच्या नियमानं कंपनीलाही दणका दिला होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळांवरच्या दुकानांतली विक्री कोसळली. तेव्हा त्यांनी माणसं कमी केली नाहीत, काही कामगार आसपासच्या कंपन्यांना काही काळापुरते कामाला दिले. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पातंच नसलेलं खिशातलं अवजार बनवण्यावर काम चालू आहे. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, मग ते चाकू कसलं?

मामेभावाला मी शेवटी काय लिहिलं ते सांगतो. घ्यायचा तर घे. नाव खोटं नाही. पण धारेसाठी घेऊ नको आणि सैन्याच्या रुबाबासाठी तर मुळीच नको. सांध्यासाठी, गंज न चढण्यासाठी आणि उद्या हरवला तर दुसरा अगदी असाच मिळेल यासाठी घे. मोठं मॉडेल नको. तेहतीस कामांचा स्विसचॅम्प खिशात ठेवला की पँट खाली येते. दोन स्प्रिंगांचा स्पार्टन बस, फार तर कात्रीवाला एखादा घे. जाहिरातीत त्याच नावाची घड्याळं, बॅगा, अत्तरंही दिसतील. चाकूचं नाव तिकडं उसनं गेलंय. आणि अर्ध्या किमतीत कुणी देत असेल तर मला आधी फोन कर.

घेतल्यावर एकच काम. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात धरून सगळी अवजारं चारपाच वेळा उघड-मीट करायची, म्हणजे सांध्यातली धूळ निघते. मग पूर्ण वाळवून प्रत्येक सांध्यात एक थेंब तेल. खोबरेल टाकू नका, थंडीत गोठतं आणि चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, ते घरात असतंच. चाकूनं फळं कापत असाल तर पात्यावरचं तेल पुसून घ्या.

त्याचा रिप्लाय आला, "दादा, मामांकडून पण एक करून आण ना." आणतो म्हटलंय. मामांनी दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय, तोवर त्यांच्याकडं कोयत्यांची रांग आहे.